कुलपांपुढची दवंडी

तुमच्या गावात घरकुलाची ग्रामसभा लागते, तेव्हा तिची दवंडी कुणाकुणाच्या दारापर्यंत जाते, हे तुम्ही कधी पाहिलंय?

मी पाहिलं आहे. आमच्या पंचायतीचे शिपाई, आम्ही त्यांना काका म्हणायचो, दवंडी द्यायला निघाले की आधी सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावायचे. मग डावा हात कानावर धरून चौकात उभे राहायचे. "पंचायतीकडून सांगणं हाय," अशी सुरुवात. आवाज असा, की पारावरची माणसं हातातले पत्ते पालथे ठेवायची.

हलगी घ्या, असं सरपंचांनी एकदा सुचवलं. काका म्हणाले, "आमच्या बानं दीक्षा घेतली त्या दिशी हलगी खाली ठिवली. मी पंचायतीचा नोकर हाय, बलुतेदार न्हाई." मग हसून, "आन् हलगीपरीस माझा आवाजच मोठा हाय की."

मी तेव्हा कॉलेज संपवून गावात आले होते. वडिलांनी जमवलेल्या चळवळीच्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले, त्यामुळे पत्रकं काढायची खोड मलाही लागली होती. घरकुलं कुणाला द्यायची हे चार माणसं ओसरीवर बसून ठरवतात, म्हणून मी लिहिलं: दारोदार दवंडी दिल्याशिवाय सभा नाही, सभेशिवाय घरकुल नाही. काकांनी ते वाचून घडी घातली. "ताई, लई कडक लिवलंय. आता माझ्या पायाला दम न्हाई."

मागणी मान्य झाली. शब्दाला शब्द मान्य झाली.

त्या साली पाऊस नव्हता. जवळच्या सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही. दसरा होताच निम्मं गाव कोयते घेऊन कोल्हापूरकडच्या कारखान्यांना ऊसतोडीला गेलं. घरकुलाची सभा लागली जानेवारीत. ज्याचं नाव पुकारलं जाईल त्यानं हजर राहायचं. नाहीतर 'स्थलांतरित' असा शेरा मारून नाव कापायचं.

मी काकांबरोबर वस्तीत गेले. दारादाराला कुलूप. प्रत्येक कुलपापुढं ते थांबले आणि अख्खी दवंडी दिली.

"काका, इथं ऐकायला कोण आहे?"

"दारोदार द्या, असं तुमीच लिवलंय न्हवं?"

शेवंताबाईच्या खोपटापुढं मात्र त्यांचा आवाज खाली आला. वावटळीत उडू नयेत म्हणून पत्र्यांवर दगड ठेवलेले. नवरा नाही, दोन पोरी घेऊन ती भावाच्या टोळीबरोबर गेलेली.

"हिचं जाणार बगा घर," काका म्हणाले.

"मी बोलेन सभेत."

बोलले मी. ग्रामसेवकांनी माझंच पत्रक वर धरलं. "ताई, दवंडी दिली का नाही? तुम्ही म्हणालात तशीच दिली." मी खाली बसले. शेवंताबाईचं नाव कापलं गेलं.

पाडव्यानंतर टोळ्या परतल्या. शेवंताबाई थेट काकांच्या अंगणात आली.

"भाऊ, माझ्या दारी आलतास म्हणं?"

"आलतो."

"काय म्हणलास?"

"सभा हाय म्हणलं."

"मग माजं कुलूप काय म्हणलं तुला?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. काका हसले नाहीत.

मी तालुक्याला तक्रार केली. साहेब चौकशीला आले, पाराजवळ गाव जमलं. साहेब म्हणाले, दवंडी झाली असेल तर सभा कायदेशीर. झाली नसेल तर रद्द. काकांना पुढं बोलावलं.

"दवंडी दिली होती?"

काकांनी गळ्याजवळचं बटण लावलं. "न्हाई दिली, साहेब."

ग्रामसेवक ताडकन उठले. "खोटं बोलतोय. सगळ्या गावानं ऐकलीय."

"कुणी ऐकली?" साहेबांनी विचारलं.

जो तो दुसऱ्याकडं बघू लागला. मागून एक म्हातारा म्हणाला, "मला तसंबी कमीच ऐकू येतं." मग साहेब माझ्याकडं वळले. मीसुद्धा नाही म्हणाले.

सभा रद्द झाली. वैशाखात, सगळे गावात असताना, पुन्हा झाली. शेवंताबाईला घर मिळालं, वस्तीतल्या इतरांनाही मिळालं. कामात कसूर केली म्हणून काकांची नोकरी गेली. ते परळीला, वीज केंद्राच्या राखेच्या विटा पाडायच्या कामावर गेले.

मी तिथं गेले होते. काकांच्या भुवयांपर्यंत राख बसली होती. म्हटलं, "काका, मी खरं काय ते लिहून देते. नोकरी परत मिळेल."

"आन् शेवंतीचं घर? तुमी लिवलं की पयली सभा खरी ठरली. मग तिच्या भिंती पाडायला बी तुमीच येणार का?"

"मग तुमचं काय?"

"माजं चाललंय. च्या घ्या."

चहा घेऊन मी एसटीत बसले आणि मला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची लाज अजून जात नाही. गावाचंही तसंच झालं. काका सणाला आले की लोक लांबूनच हात करायचे. जवळ गेलो आणि काही बोलून बसलो तर, ही धास्ती. त्यांनी आमच्यासाठी खोटं सांगितलं होतं, आणि ते टिकावं म्हणून आम्ही त्यांनाच टाळत होतो.

गेल्या उन्हाळ्यात ते परळीतच वारले. मातीला गावातून शेवंताबाई आणि मी, एवढ्याच. तिचं घर टिकावं म्हणून इथं त्यांचं नाव नाही, गावाचं नाही, आणि शेवंताबाईचं नावही खरं नाही.

तुमच्याकडं एक मागते. घरकुलाची सभा लागली की आधी ऊसतोडीला गेलेल्यांच्या वस्तीतून चालत जा. दारं बंद दिसली तर सभेत उभं राहून सांगा, ही माणसं परतल्यावर सभा घ्या, आणि तसा ठराव लिहून घ्या. तुमचंच पत्रक तुमच्यासमोर धरतील. तरी खाली बसू नका.