बेगमच्या वाटीतलं पाणी

हे मी आजवर कुणापाशीच बोललेलो नाही. कोपऱ्यावरून दूध आणलं तरी किल्ला सर केल्यासारखं सांगणारा माणूस मी — आणि या एका गोष्टीवर इतकी वर्षं गप्प.

ते दुष्काळाचे दिवस. आम्ही राहायचो त्या हर्सूलकडं नुसत्या नव्या इमारती उगवत होत्या. माणसं लई, पाणी नाय. टँकर आठवड्यानं यायचा आणि तो आला की जिन्यात बादल्यांची अशी लढाई, की पानिपत फिकं पडावं. तरी ते दिवस आठवले की बरं वाटतं. कारण घरात बेगम होती. सुनंदानं — माझ्या बायकोनं — पाचोडहून, माहेराहून, एसटीत पिशवीत घालून आणलेलं मांजर. पंखा थांबला की माझ्याकडं अशी बघायची, जणू वीज मीच घालवली.

पाणी फेकायचं नाही, हा तेव्हा घराघरातला कायदा. बेगमच्या वाटीत उरलेलं पाणी मी जिन्यातल्या भटक्या मांजरांपुढं ठेवायचो. आणि त्यांचं उरलेलं? — तेही कसं फेकणार? वाटी तशीच आत, पुन्हा बेगमपुढं.

मग एकदा तिला डॉक्टरांकडं नेलं. मांजरांच्या ल्युकेमियाची लस असते, ते म्हणाले. आजार लाळेतून पसरतो, एका भांड्यात पाणी प्यायल्यानंसुद्धा. घराबाहेर न पडणाऱ्या मांजराला नाही दिली तरी चालते. "बाहेरच्या मांजरांशी संबंध येतो का हिचा?"

वाटी आठवली मला. तिथंच, त्याच क्षणी. पण बाकावर सात-आठ माणसं होती, आणि मी मघापासून बेगमचे किस्से सांगून त्यांना लोळवत होतो — आता मध्येच उष्ट्या वाटीचं कसं सांगायचं?

"डॉक्टरसाहेब, बेगम पडद्यातली आहे. परक्या बोक्यानं तिची सावलीसुद्धा पाहिली नाय."

काय हसले सगळे. डॉक्टरही हसले. लस राहिली. दुसऱ्या दिवसापासून मी गुपचूप वाटी वेगळी केली — म्हणजे कळलं होतंच ना मला?

दोन वर्षांनी बेगम वाळत गेली. रक्ततपासणीत तोच आजार निघाला. ती गेली त्या दिवशी सुनंदा म्हणाली, "टँकर आला तेव्हा दार मीच उघडं टाकलं होतं हो. तेवढ्यात गेली असेल बाहेर."

आणि मी? मी म्हणालो, "जाऊ दे, होतं असं." — माफ केलं मी तिला.

अजूनही घरी कुणी आलं, मांजरांचा विषय निघाला, की सुनंदा सांगते, "माझ्या हलगर्जीपणानं गेली ती." मग माझ्याकडं बघून म्हणते, "पण हे एका शब्दानं बोलले नाहीत मला."