लाल शाईचे दोन ठिपके

धुळ्याच्या आग्रा रोडवर अन्वर चष्मेवाल्याचं दुकान होतं. सिलिंडरच्या, म्हणजे तिरप्या नंबराची काच घासावी तर त्यानंच. अशी काच फ्रेममध्ये जरा तिरकी बसली तरी माणसाला भोवंड येते. म्हणून अन्वर काचेवर लाल शाईचे दोन ठिपके द्यायचा. ते आडव्या रेषेत ठेवले की काच सरळ बसायची. "नमाज चुकवाल, ठिपके नाही चुकवणार," असं बायको मेहरुन त्याला चिडवायची.

१९९९ साली डॉक्टर धनसिंग पाटील दुकानात आले. मूळचे अमळनेरचे, परराज्यातल्या एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ, पण सिलिंडरच्या नंबराचा चष्मा अजून अन्वरचाच. त्यांच्या यंत्राच्या नळीतून इलेक्ट्रॉनांचा पुंजका धावायचा, तोही इतका आखूड की सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले तर एक-दोन तुकड्यांत पसार. एवढं बारीक मोजणारं घड्याळ आणायचं कुठून? म्हणून पुंजक्याच्या वाटेशेजारी एक पातळ स्फटिक ठेवून त्यातून लेसरचा उजेड सोडायचा. पुंजका जवळून गेला की त्याच्या विजेच्या ताणानं स्फटिकातला उजेड जरासा पीळ खातो, आणि त्या पिळावरून पुंजक्याची लांबी काढायची. तोच स्फटिक ओरखडला होता, आणि परदेशी धाडला तर सहा महिने गेले असते.

अन्वरनं आठ दिवस तो हातानं घासला. गोल चौकटीत बसावा म्हणून कडा गोल केल्या, पण स्फटिक कुठल्या दिशेनं बसवायचा हे जिच्यावरून कळायचं, ती मूळची सरळ कड त्यात गेली. ती दिशा कळावी म्हणून त्यानं दोन ठिपके दिले आणि डबीत चिठ्ठी घातली, 'ठिपके पुसू नका.'

महिन्यानं प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत आली. 'कारागिराच्या निष्काळजीपणामुळे स्फटिक निकामी.' एक प्रत प्रयोगशाळेशी जोडलेल्या धुळ्याच्या एका कॉलेजातही गेली होती. वीस वर्षं तिथल्या सूक्ष्मदर्शकांच्या काचा अन्वर बघायचा. ते काम दुसऱ्याच दिवशी बंद झालं.

"अन्वरभाऊ, यामा तुन्हा काय दोष शे?" शेजारचा छगन शिंपी म्हणाला. अन्वरच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्यानं एसटी धरली.

प्रयोगशाळेत त्यानं स्फटिक भिंगातून पाहिला. ठिपके गायब! "मळ होता, पुसला," एक साहेब म्हणाले. वा रे शहाणपण! लाख कोटीतला तुकडा मोजणाऱ्यांना हातभर अंतरावरची चिठ्ठी वाचता आली नाही!

"धनसिंगभाऊ, चष्मा काढा," अन्वर म्हणाला. त्यानं तो डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे तिरका धरला. "आता वाचा."

"काहीच धड दिसत नाही."

"मग काच बिघडली का?"

डॉक्टरांनी यंत्र बंद करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी नळी उघडून स्फटिक फिरवून योग्य दिशेनं बसवला, आणि पडद्यावरच्या आलेखात पुंजक्याचं टोक लख्ख उभं राहिलं. टाळ्या झाल्या. अन्वरनं एवढंच मागितलं, "ते वाक्य काढा आणि कॉलेजला कळवा." डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "अहवाल वर गेलाय रे. आता कसं काढणार?"

वर्षभर वाक्य तसंच राहिलं. कॉलेजचं काम काही परत आलं नाही. मग एक दिवस प्रयोगशाळेचं पार्सल आलं. आत दोन नवे स्फटिक होते, 'पहिल्यासारखेच उत्तम करून द्यावेत' असं पत्र होतं, आणि खाली डॉक्टरांची सही.

निष्काळजी कारागिराकडून उत्तम काम! अन्वरनं स्फटिकांना हातही लावला नाही. पार्सल पुन्हा बांधलं, झाकणावर लाल शाईचे दोन ठिपके दिले आणि पत्राच्या पाठीवर लिहिलं, 'आधी ते वाक्य पुसा. पुसायची तर तुम्हाला सवय आहे.'