दिवाणातली रायफल

आमच्या घरी दसऱ्याला पाटावर सरस्वती काढत आणि तिच्या शेजारी रायफल ठेवत. लग्न होऊन मी फरीदाबादला आले, त्या वर्षीही ती तशीच होती: लाकडी दस्त्याची, जड, तेलाच्या वासाची. सासरे सैन्यातून निवृत्त झालेले. कुठल्याशा खास परवानगीने ती त्यांना मिळाली होती आणि परवानाही त्यांच्याच नावाचा होता. ते गेल्यावर ती पोलीस ठाण्यात जमा करायची राहून गेली. माझे पती दर दसऱ्याला तिला तेलपाणी करत, झेंडूचे फूल वाहत आणि म्हणत, "चलो, अगले साल बघू. वडिलांची आठवण आहे, ती कुणाला काय करते?" मग ती जुन्या धोतरात गुंडाळून दिवाणाच्या पेटीत, रजयांच्या खाली जाई. मी आयुष्यभर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवले. पण ज्या वस्तूला आपण हळदकुंकू वाहतो, तिलाही कायदा लागू असतो, हे माझ्या मनाला कधी शिवले नाही.

या वर्षीच्या श्रावणात पतींना पक्षाघात झाला. उजवे अंग आणि वाचा दोन्ही गेली. बैठकीतला दिवाण खिडकीजवळ होता, म्हणून त्यांना त्याच्यावरच ठेवले. समजत सगळे होते; बोलायला फक्त डावा हात उरला होता.

दसऱ्याला मुलाने त्यांना उचलून खुर्चीत बसवले, दिवाणाची फळी वर केली आणि रायफल काढली. त्यांनी डाव्या हाताने तिच्यावर कापूस फिरवला. कित्येक आठवड्यांनी त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आले. मुलाने त्या हसण्याचा फोटो काढला आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला: 'बाबा आणि त्यांची मैत्रीण.'

संध्याकाळी मंडळातल्या एका निवृत्त सुभेदारांचा फोन आला.

"वहिनी, आधी तो फोटो ग्रुपवरून काढून टाकायला सांगा."

"का हो भाऊजी? काही चुकलं का?"

"तुमच्याकडे आहे ती शिकारीची बंदूक नाही. थ्री-नॉट-थ्री आहे, लष्कराची. साध्या नागरिकाला ती ठेवताच येत नाही. परवाना आहे कुणाच्या नावावर?"

मी सासऱ्यांचे नाव सांगितले.

"म्हणजे कुणाच्याच नाही," ते म्हणाले. "वहिनी, यात जामीनही सहजी मिळत नाही. शिक्षा वर्षांच्या हिशोबात असते."

मुलाची केंद्र सरकारच्या नोकरीत निवड झाली होती. नेमणुकीआधीची पोलीस पडताळणी तेवढी बाकी होती. गुन्ह्यात त्याचे नाव आले असते, तर इतक्या वर्षांचा त्याचा अभ्यास एका शेऱ्याने संपला असता. फोटो त्यानेच टाकला होता. त्याने तो पुसला. पण तोवर निम्म्या मंडळाने त्यावर हात जोडले होते.

दुसऱ्या दिवशी सुभेदार घरी आले. दिवाणाशेजारी खुर्च्या मांडून आम्ही बोलत बसलो, कारण घरात दुसरी जागा नव्हती.

"आग्रा कॅनॉलमध्ये टाकून देतो," मुलगा म्हणाला. "किस्सा खतम."

"वा, साहेब!" सुभेदार म्हणाले. "आणि गाळ काढताना कुणाच्या हाती लागली तर? एखाद्याने ती रोखलीच कुणावर, तर? नंबर आहे तिच्यावर, पोलीस सरळ या दारात येतील. आणि इथून ती बाहेर नेणं हाही गुन्हाच. आपण ठाण्यात कळवायचं, त्यांनी येऊन न्यायची. एवढंच हातात आहे."

"मग त्यांना सांगतो, माझी आहे. बघू काय होतं ते."

"गाढवा, जॉइनिंग आहे ना तुझं!" सुभेदार कडाडले.

मग त्यांनी आवाज उतरवला. "खरं तर ती ठेवली यांनीच. नाव यांचंच सांगा. या अवस्थेतल्या माणसाला कोण उचलून नेणार आहे?"

मी दिवाणाकडे पाहिले. पती छताकडे बघत होते. त्यांच्या पाठीखाली फळी, फळीखाली रजया आणि रजयांखाली ती. जो माणूस 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकत नव्हता, त्याच्या अंगावर आम्ही त्याच्यादेखत गुन्हा घालत होतो. "नाही," मी म्हणाले, "मी माझं नाव सांगेन." लगेच मनात आले, मला नेले तर यांना कूस कोण बदलून देणार? मुलगा नोकरीवर रुजू झाला की पाणी कोण पाजणार? कुठल्याही बाजूने गेले तरी वाट याच दिवाणापाशी येऊन संपत होती. कायदा चुकीचा आहे, असे म्हणण्याचीही सोय नव्हती. अशी शस्त्रे घराघरांत असू नयेत, हे मीच वर्गात शिकवले असते.

आम्ही कळवले. एक ठाणेदार आणि दोन शिपाई आले. ठाणेदार सभ्य होते. दारात बूट काढून आत आले. मुलाने आणि एका शिपायाने पतींना चादरीसकट उचलले. फळी उघडली. धोतर सोडले तसा तेलाचा वास खोलीभर पसरला. कालचे झेंडूचे फूल दस्त्याला चिकटलेले होते. दुसऱ्या शिपायाने ते हलकेच काढून खिडकीत ठेवले.

"माताजी, यह किसके पास थी?" ठाणेदारांनी विचारले. "किसी का नाम तो लिखना पड़ेगा. बेटे का लिखूँ?"

"नहीं," एवढे मी म्हणू शकले. पुढचा शब्द, 'मेरा', तयार होता, सकाळपासून घोकलेला. मला जन्मभर चारचौघांत बोलताना धास्ती वाटत आली. वर्गात उभी राहतानाही पहिले वाक्य लिहून न्यावे लागे. तो शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

तेवढ्यात धप्प असा आवाज झाला. मुलाच्या आणि शिपायाच्या हातांवर तोललेले पती डाव्या मुठीने स्वतःच्या छातीवर मारत होते. एकदा, पुन्हा, पुन्हा. डोळे ठाणेदारांवर रोखलेले.

"आपकी?"

मूठ पुन्हा छातीवर पडली.

"बाबा, बस," मुलगा म्हणाला आणि रडू लागला.

ठाणेदारांनी मान खाली घालून लिहिले. जाताना मला म्हणाले, "केस तो बनेगा, माताजी. आगे कोर्ट देखेगा. पूछताछ सबसे होगी."

मुलाच्या पडताळणीचे अजून काहीच कळलेले नाही. नेमणुकीचे पत्रही आलेले नाही. पतींना पुन्हा दिवाणावर ठेवले आहे. खाली आता फक्त रजया. पण तेव्हापासून दाराची घंटा वाजली, दूधवाला असो की शेजारीण, की त्यांची डावी मूठ वळते आणि छातीवर जाऊन पडते.