क्लॅरीचं जाळीचं अंगण

क्लॅरी हबर्डचं परसू माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, हे माझं नशीब. साखर कारखान्यात फिटर म्हणून जन्म घालवलेला हा माणूस कधी काही टाकून देत नाही. गंजके पत्रे, फुटका टब, तुटकी नळी, सगळं तिथेच. वर उन्हाळाभर कोंबड्यांच्या घाणीचा ओला वास. अंडी मी खाते, पण कोंबडी या प्राण्याचीच मला किळस आहे.

कोंबड्या त्याच्या बायकोच्या, इल्माच्या. इल्माला वृद्धाश्रमात ठेवलंय. तिला मुलगा आठवत नाही, आणि कधीकधी क्लॅरी म्हणजे पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस वाटतो. पण कोंबड्या आठवतात. दर रविवारी तो अंडी घेऊन जातो आणि ती एकेकीची चौकशी करते. पर्ल, डॉट, मेविस, क्वीनी. एवढ्यावरच नवराबायकोचं बोलणं चालतं. कोंबड्या संपल्या की ते बोलणंही संपणार, हे त्याला ठाऊक होतं.

म्हणून डॉट नाहीशी झाली तेव्हा तो पिसाळला.

"कोल्हा असेल, नाहीतर घोरपड," तो कुंपणावरून म्हणाला. "नोला, आता असं अंगण बांधतो की मुंगीलासुद्धा विचारून आत यावं लागेल."

"आधी तो टब हलव."

टब नाही हलवला, पण काम मात्र नामी केलं, हे मला मान्य करावं लागतं. चारी बाजूंनी चर खणून काँक्रीट ओतलं. कोंबड्यांची म्हणून विकतात ती पातळ जाळी माझ्यासमोर हाताने फाडली आणि बोट शिरणार नाही अशी जाड जाळी आणली. ती बाहेरच्या बाजूला हातभर जमिनीवर आडवी पसरून वर माती लोटली, म्हणजे उकरणाऱ्याचे पंजे तिथेच अडावेत. डोक्यावरही जाळी. एकामागे एक दोन दारं. मधोमध जुनं पत्र्याचं खुराडं होतं तसंच ठेवलं.

आणि त्या खुराड्याच्या दुहेरी छपरात डग्लस राहत होता.

डग्लस म्हणजे अजगर. आमच्या उसाच्या मुलखात शेडमधला अजगर कुणी हाकलत नाही. उंदीर खातो म्हणून त्याचं बारसं करतात, पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. मला तर फटीतून लोंबणारी ती जाड, चट्ट्यापट्ट्यांची शेपटी दिसली की जेवण जात नाही.

"या मेल्याला आत कशाला ठेवलंस?" मी विचारलं.

"अगं, दाणे आले की उंदीर आलेच. तो राखणदार आहे आमचा. इतकी वर्षं झाली, कधी एका पिसाला धक्का लावला नाही त्याने."

पुढे मेविस गेली. क्लॅरीने गुडघ्यांवर रांगत सगळी जाळी बोटाने चाचपली आणि खाली आणखी एक पदर लावला. मग क्वीनी गेली. त्याने दारांना नव्या कड्या बसवल्या. अंगण दिवसेंदिवस भक्कम होत होतं आणि कोंबड्या कमी होत होत्या.

एका सकाळी त्याने मला हाक मारली. पर्ल दिसत नव्हती. मी नाक दाबून दार धरलं. त्याने छपराचा पत्रा उचकटला, तर डग्लस वेटोळं घालून बसलेला, पोटाशी हा एवढा फुगलेला. क्लॅरीने त्याला ओढून काढलं तशी त्या घाणेरड्या जनावराने आ वासला आणि गिळलेलं सगळं क्लॅरीच्या बुटांवर ओकलं. चिकट, लांबट, पिसं अंगाला चिकटलेली पर्ल. पायात इल्माने बांधलेली निळी पट्टी. वास असा की मी लिंबाच्या झाडाखाली भडाभडा ओकले.

क्लॅरीने मात्र ती उचलली. नुसत्या हाताने.

"एकही फट ठेवली नव्हती मी," तो म्हणाला. "उंदीर आत येणार कुठून? मग त्याने खायचं काय?"

"शाबास," मी म्हणाले. मला त्या क्षणी सापापेक्षा त्याचाच जास्त संताप आला होता.

अजगर त्याने पोत्यात घालून दूर ओढ्याकाठी सोडला.

रविवारी त्याला गाडीतून न्यायला गेले, तर हा सिंकपाशी दुकानातली अंडी व्हिनेगरने घासत होता, वरचा गुलाबी अक्षरांचा शिक्का जावा म्हणून. मग रिकाम्या अंगणातून वाळकी विष्ठा आणली, पाण्यात कालवली आणि बोटाने एकेका अंड्याला फासली. वर एकेक पीस चिकटवलं.

"क्लॅरी, माणूस आहेस की डुक्कर?"

"दुकानातली फार स्वच्छ असतात गं. ओळखेल ती."

वृद्धाश्रमात इल्मा खिडकीशी बसली होती. तिने एक अंडं उचललं, हुंगलं, चेहरा उजळला.

"पर्लचं. ही बया घरट्यातच हगते." तिने रुमालाला थुंकी लावली आणि अंडं पुसायला घेतलं. मी तोंड फिरवलं. पुन्हा पाहिलं तेव्हा तिचा हात थांबला होता. घाणीखालून पुसट गुलाबी अक्षरं वर आली होती.

तिने ती बघितली, मग क्लॅरीकडे बघितलं.

"कुणी खाल्ल्या?"

"डग्लसने."

"सगळ्या?"

"हो."

तिने ते अंडं त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं मिटली.

"चार नव्या आण," ती म्हणाली. "पण नावं तीच ठेव हं. नवी माझ्या लक्षात राहायची नाहीत."