वॉल्टर आजोबांचे शनिवार

मार्गारेटचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. मार्गारेट म्हणजे आमच्या शेजारच्या वॉल्टर आजोबांची मुलगी, राहते वेलिंग्टनला. "डॅड सकाळी गेले. झोपेतच," एवढंच म्हणाली. शंभरीला एक वर्ष कमी असलेला माणूस गेला की लोक म्हणतात, सुटले बिचारे. मीही तसंच म्हणालो असतो. पण दोनच दिवस आधी त्यांनी कुंपणापलीकडून विचारलं होतं, "या शनिवारी, बेटा?" आणि मी गाडीची चावी शोधत इथल्या लोकांसारखं म्हणालो होतो, "स्वीट अ‍ॅज, मस्त, जाऊ की!"

रिकार्टनला घर घेतलं त्या वर्षी मी मागच्या अंगणात लिंबाचं रोप लावलं. शेजारचे हे म्हातारबुवा काठी टेकत आले, रोप धरलं आणि सरळ उपटलं. मी इतका भडकलो की मराठीतच ओरडलो, "अहो, काय करताय काय!" ते शांतपणे म्हणाले, "ओढल्यावर हातात आलं, म्हणजे तू लावलंच नव्हतंस." मग त्यांनी माझ्याकडून कुदळीने फट पाडून घेतली, मुळं सरळ सोडली आणि बुटाच्या टाचेने माती अशी दाबली, की आज ते झाड माझ्या डोक्याच्या वर गेलंय. माझी मुलगी रेवा तेव्हा चार वर्षांची. त्या दिवसापासून ते तिचे आजोबा, आणि मग आमचेही.

टाचेची ही कला त्यांना सरकारी कँपात मिळाली होती. महायुद्धाआधीच्या मंदीच्या काळात बेकार पोरांना उजाड माळावर पाइन लावायला पाठवायचे. तंबूत राहायचं, रोज मटणाचा तोच पातळ रस्सा, आणि सकाळी गोठलेले बूट शेकोटीवर धरल्याशिवाय पायात जायचे नाहीत. काम जोडीने. एकाने कुदळ मारायची, दुसऱ्याने रोप ठेवून टाचेने दाबायचं. मुकादम मागून येऊन कुठलंही रोप ओढायचा. निघालं, तर अख्खी ओळ पुन्हा. यांचा जोडीदार आल्फी नावाचा पोरगा. कुदळ आल्फीची, टाच यांची. "आमचं एकही निघालं नाही," हे ते मला दर वेळी नव्याने सांगायचे.

पुढे लढाई लागली. आल्फीला जायचं नव्हतं. यांनीच त्याला ओढून नेलं... चल, कँपापेक्षा जेवण तरी बरं असेल म्हणून. आल्फी इटलीतल्या लढाईत मारला गेला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, लिंबापाशी बसून, माझ्याकडे न बघता. "मीच पुरला त्याला. माती लोटली, आणि सवयीने टाचेने दाबली. दोनदा दाबल्यावर कळलं, मी काय करतोय." मला चहा विचारायचंही सुचलं नाही.

कँपातली बाकीची झाडं कधीच तोडली गेली होती. या दोघांच्या हातची एक ओळ तेवढी उरली होती, एका शेताच्या कडेला, वारा अडवायला राखलेली. आमच्या घरापासून दीड तासाच्या रस्त्यावर. तीही आता काढणार, शेतभर फिरून पाणी देणारे लांब पाइप बसवायचे म्हणून, असं त्यांच्या कानावर आलं. त्यांनी मला विचारलं, नेशील का एकदा? मी म्हणालो, "त्यात काय, एखाद्या शनिवारी जाऊ."

आता आपल्याकडे हे कसं असतं, सांगायला नको. 'या एकदा जेवायला' म्हटलं म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी दारात उभं राहत नाही. म्हणणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं, आणि कुणाचं काही बिघडत नाही. मी पुण्याच्या सवयीने बोलून गेलो. मनात नव्हतं असंही नाही हो! पण कधी रेवाचं पोहणं, कधी ऑफिसचं काही, कधी नुसता कंटाळा.

अंत्यविधीहून परतताना मी गाडीत म्हणालो, "राहूनच गेलं बघ त्यांना न्यायचं." रेवा आता पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. ती म्हणाली, "बाबा, ही वेटेड एव्हरी सॅटर्डे. कोट घालून, मांडीवर फ्लास्क घेऊन, पोर्चमध्ये. नऊ ते बारा. आय थॉट यू न्यू." मी गाडी कडेला घेतली. बायको काहीतरी म्हणत होती, मला ऐकू येत नव्हतं. नऊ ते बारा मी कुठे असायचो? घरातच असायचो अनेकदा. मागच्या खोलीत, लॅपटॉपपुढे, पडदा ओढून.

पुढच्या शनिवारी गेलो. दीड तासही लागला नाही. ओळीच्या जागी बुंधे होते, अजून ओले, हात लावला तर डिंक चिकटत होता. शेतकरी भला माणूस. म्हणाला, "सोमवारी पाडली. गेल्या शनिवारी आला असतास तर उभी होती." गेल्या शनिवारी आम्ही त्यांना पुरत होतो. आणि त्याच्या आधीच्या प्रत्येक शनिवारी ती उभी होती... प्रत्येक.

घर रिकामं करताना मार्गारेटने मला त्यांची पोर्चमधली वेताची खुर्ची दिली. "तू त्यांना खूप जपलंस," म्हणाली. मला खरं सांगायचा धीर झाला नाही. खुर्ची मी लिंबापाशी ठेवली आहे. मागच्या शनिवारी नऊला फ्लास्क भरून तिच्यात जाऊन बसलो. फोन आत ठेवला. रस्त्यावरून गाडी गेली की मान आपोआप वळायची. बराच वेळ झाला असं वाटून आत येऊन घड्याळ पाहिलं, तर दहाला वीस मिनिटं कमी होती. परत जाऊन बसवलं नाही.