पडलेल्या सिनेमातली आई

मी आयुष्यात एकाच सिनेमात काम केलं आणि तो सपाटून आपटला. पुण्यात एका थेटरात दुपारचा एकच खेळ लागला, तोही आठवडाभर टिकला नाही. गोष्ट होती दोन पुरुषांची, एकमेकांवर प्रेम करणाऱ्या आणि एकत्र संसार करू पाहणाऱ्या. पैसा नव्हता म्हणून नावाजलेले नट नव्हते, आणि गावाचा सेट उभारण्यापेक्षा स्वस्त म्हणून ती मंडळी सरळ आमच्या निरगुडसरलाच आली. दिग्दर्शिका माझ्या मुलाहून लहान. तिला आधी आमची कांदे साठवायची बराखी आवडली, मग ओसरी आवडली. दुपारचं जेवली नाही म्हणून मी तिला रागावले, तेव्हा मीही आवडले. "मावशी, आईचं काम तुम्हीच करा," म्हणाली.

गावाला वाटलं, बाईंना म्हातारपणी हौस आली. शाळेतून निवृत्त झाले तरी गावात मी अजून बाईच आहे. हौस होतीच, नाही कशाला म्हणू. पण हो म्हणायचं खरं कारण वेगळं होतं. माझा एकुलता एक मुलगा पुण्याला एका मित्राबरोबर राहतो. आधी आम्ही त्याला रूम पार्टनर म्हणायचो. मग दोघांनी मिळून फ्लॅट घेतला, फ्रीज घेतला, एकमेकांची आजारपणं काढली, आणि लग्नाचा विषय निघाला की मुलगा फोन ठेवायला लागला. मी काही दुधखुळी नाही. त्याला सांगता येत नव्हतं आणि मला विचारता येत नव्हतं, एवढंच. म्हटलं, आईच असल्या सिनेमात काम करते आहे हे बघून पोरगा समजेल, की या घरात हा विषय बोलता येतो.

यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "हं." आमच्याकडे त्यांच्या वाटचं बोलणंही मीच बोलते.

सिनेमातल्या आईला मात्र सगळं कळल्यावर पोराला घराबाहेर काढायचं होतं. त्याची बॅग अंगणात भिरकावायची आणि म्हणायचं, "या घरात परत पाय ठेवू नकोस. मला मूल झालंच नाही असं समजेन मी." मला काही ते जमेना. त्या नटाचा चेहरा बघितला की मी बॅग अलगद खाली ठेवायचे. दिग्दर्शिका म्हणाली, "मावशी, ज्याचा तुम्हाला खरोखर संताप येतो त्याला डोळ्यांसमोर आणा." मला बिबट्या आठवला. आमच्याकडे उसात बिबटे असतातच, त्यातल्या एकानं माझी गाभण शेळी गोठ्यातून उचलून नेली होती. मी त्या बिबट्याला असं काही फैलावर घेतलं, की नट खरोखरच मागे सरकला आणि कॅमेरावाल्यानं टाळ्या वाजवल्या.

सिनेमा लागला आणि मोबाईलवर परीक्षणं यायला लागली. संथ आहे, अंधारा आहे, संवाद ऐकू येत नाहीत. खोटं काहीच नव्हतं. अर्धा सिनेमा ते दोघं खिडकीतून बाहेर बघतात; काय बघतात ते आम्हालाही दाखवायचं होतंस ना बाई! पण एकानं लिहिलं होतं, या सगळ्यात एकच गोष्ट अस्सल आहे, ती म्हणजे आईच्या डोळ्यांतला तिरस्कार. मी हरखून गेले. ओळखीच्या झाडून सगळ्यांना ते पाठवलं, मुलालाही पाठवलं.

त्यानं वाचलं, पण उत्तर दिलं नाही. मीच फोन केला. "पाहिला आम्ही," तो म्हणाला. "तू फार चांगलं केलंस." आणि फोन ठेवला. मग दिवाळीला त्याला रजा मिळाली नाही. संक्रांतीला काम निघालं. गावची यात्रा तो कधी चुकवत नाही, तर यात्रेला गाडी बिघडली.

गाडी बिघडल्याचं ऐकलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मेथी निवडत होते, ती तशीच टाकून परत फोन लावला.

"अरे गाढवा, तो अभिनय होता!"

"आई, तुला अभिनय कधीपासून यायला लागला? पाहुणे जरा जास्त वेळ बसले तरी तुझ्या तोंडावर दिसतं."

मी त्याला शेळीची सगळी हकीकत सांगितली, म्हटलं, मी बिबट्याला बोलत होते. तो हसला. मग म्हणाला, "बोलली असशील बिबट्याला, पण ऐकलं मी. थेटरात त्याच्या शेजारी बसून ऐकलं."

फोन ठेवला आणि मला रडू आलं. रडू ओसरल्यावर राग आला, स्वतःचा, सिनेमाचा, त्या परीक्षणवाल्याचा. जो निरोप द्यायला गेले तो नेमका उलटा पोचला होता. आता तोंडानं काहीही सांगितलं तरी पोरगा म्हणणार, आई समजूत काढते आहे. बोलून भागणार नव्हतं, काहीतरी करायला हवं होतं. आणि काय करावं ते काही सुचत नव्हतं.

मग अधिक महिना लागला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांतून एकदा येतो, तेव्हा घरोघरी लेक-जावयाला जेवायला बोलावतात, कणकेत पुरण भरून धोंडे करतात, जावयाला ओवाळून कपडे करतात, ऐपत असली तर अंगठी घालतात. मला मुलगी नाही, त्यामुळे मी कधी धोंडे घातले नव्हते. मी फोन केला. "रविवारी धोंडे करते आहे. दोघं या."

"आई, धोंड्याला जावयाला बोलावतात."

"मला शिकवू नकोस. कुणाला बोलावतात ते मला ठाऊक आहे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग, "त्याला फार गोड चालत नाही गं. गूळ बेतानं घाल."

रविवारी कोण येणार आणि कशाला, हे यजमानांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "हं." या खेपेला त्या हंची मला धास्ती वाटली. घोडेगावला जाऊन कपडे मी एकटीच घेऊन आले.

रविवारी दोघं आले. मित्रानं कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि माझ्या पाया पडायला वाकला तेव्हा खिशातला मोबाईल, पेन, चष्मा सगळं माझ्या पायांवर पडलं. मला तो तिथंच आवडला. दोघांनाही पाटावर बसवलं, दोघांनाही ओवाळलं. यजमान शेजारी जेवायला बसले, पण सकाळपासून तोंडातून शब्द नाही. मुलगा दर घासाला त्यांच्याकडे बघत होता.

तेवढ्यात शेजारीण वाटी घेऊन विरजण मागायला आली. तिनं पाट बघितले, निरांजन बघितलं, ताटातले धोंडे बघितले.

"आवं बाई, तुमाला तर लेक न्हाई. मंग धोंडं कुनासाटी घातलं?"

मुलाचा हात ताटात थांबला. मी मनात म्हटलं, आत्ता गप्प बसलीस तर हा पोरगा परत यायचा नाही.

"हे माझ्या लेकाचे जोडीदार," मी म्हटलं. "दोघांचा संसार आहे पुण्याला. म्हणजे माझे जावईच."

शेजारणीनं एकदा याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. पदर सारखा केला. मग मलाच दरडावून म्हणाली, "मंग अंगठी घातली का नुस्त्या कापडावरच भागवलं?"

यजमानांनी घास गिळला, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "अंगठी फुडल्या धोंड्याला. आता येत ऱ्हानारच हायेत की दोघं."