पाण्यासाठी तीन खुणा

ये गं, जवळ बस. बदलापूरहून अंबरनाथ ते केवढं, आणि तोंड दाखवतेस सहा महिन्यांनी. मुलांना बोलायला शिकवायचा कोर्स करतेस म्हणून तुला हे सांगते.

मी विशेष मुलांच्या केंद्रात मावशी. मुलांना या खोलीतून त्या खोलीत न्यायचं, एवढंच काम. उल्हासनगरची सात वर्षांची एक मुलगी येते, बोलत नाही. स्पीचच्या बाईंनी तिला शिकवलं, पाणी हवं तर अंगठा ओठाला लाव. व्यायामाच्या सरांकडे पेल्याचं चित्र दाखवायचं. वर्गातल्या टीचरकडे बाक दोनदा वाजवायचा. तिघंही जीव लावून शिकवत. एकमेकांच्या खोलीत मात्र कुणी डोकावत नसे.

मग सगळ्यांचं एकत्र ट्रेनिंग लागलं. प्रत्येकाने दुसऱ्याच्या खोलीत बसायचं, मावशीनेही. व्यायामाच्या खोलीत मुलीने अंगठा ओठाला लावला. सर म्हणाले, "शाब्बास, आता बॉल पकड." तिने टेबल वाजवलं. "आवाज नाही करायचा." तशी ती स्वतःचं मनगट चावायला लागली. मी उठून पाणी दिलं.

शिकवायला आलेल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"कळायचंय काय? मी रोजच देते, व्हरांड्यात."

"तिने मागायच्या आधी?"

"आधीच. आल्या माणसाला पाणी मागायला लावतात का?"

त्या हसल्या नाहीत. "म्हणूनच इतके महिने कुणाला कळलं नाही, की हिचं मागणं कुणाला समजत नाही."

खरंच होतं ते. मुलीला न्यायला आलेली तिची आई म्हणाली, "मौसी, एक लड़की और पानी के तीन इशारे. घर पे मेरा चौथा है."

एकच खूण ठेवायची तर कुठली, यावर अर्धा तास वाद झाला. सर चित्रावर अडून बसले. टीचर म्हणाल्या, "चित्र घरी राहील, अंगठा कुठे राहतोय?" अंगठा ठरला. मला सांगितलं, पेला धरा आणि थांबा. बाकी काही नाही.

ते फार कठीण गेलं. ती पेल्याकडे बघायची, माझा हात पुढे जायचा, मी मागे घ्यायची. आठवडाभर असंच. मग एका सकाळी तिने व्हरांड्यात अंगठा ओठाला लावला, अर्धं पाणी प्यायली, उरलेलं माझ्या पदरावर ओतलं आणि वर्गात निघून गेली.

तुमच्या कोर्सात असं थांबायला शिकवतात का, ते मला सांग. फोनवर नको. सोमवारी केंद्रावरच ये, ती अकराला येते.